मावशी खूप वेळ थांबली होती

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही, आणि ज्यांच्याबरोबर उभा संसार केला त्या माझ्या नवऱ्यालाही मी होऊन कधी सांगितलं नाही. त्यांना कळलं, ते वेगळं — त्यावर पुढे येतेच. आता सांगायला बसले आहे, तर सुरुवात कुठून करायची तेच उमगत नाही. सुरतेला पाहुणे म्हणून गेलो तिथून करू? की त्याआधी सुरतेतून पळालो होतो तिथून?

पाहुणे म्हणून गेलो तिथून करते. ते सोपं आहे.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आम्ही चौघं अमळनेरहून पॅसेंजरनं निघालो. मी, हे, महेश आणि वैशाली. सुरत सोडून चार वर्षं होत आली होती. ह्यांनी आता अमळनेरात पिठाची गिरणी टाकली होती, कापडाच्या लूमचा खडखडाट कानातून गेला होता. पण नंदुरबार मागे पडलं तसे हे खिडकीशी सरकून बसले आणि मुलांना काय काय सांगायला लागले. आता नवापूर येईल, मग बारडोली, मग उधना. मी इतका बोलका माणूस बऱ्याच दिवसांनी पाहत होते. सुरतेला जायचा हट्टही त्यांचाच होता. मी दोन वर्षं टाळत होते. कधी मुलांच्या परीक्षा, कधी माझी कंबर.

का टाळत होते? सांगते.

कमल म्हणजे माझी मैत्रीण — पण एवढ्यानं काही कळत नाही. सुरतेत नवागामच्या चाळीत आमच्या खोल्या लागून होत्या, मधे एक भिंत. माझे हे लूमवर, तिचा नवरा डाइंग मिलमध्ये. दोघीही खानदेशातल्या, मी अमळनेरकडची, ती शिंदखेड्याकडची. लग्न होऊन आलो तेव्हा दोघींना गुजराती येत नव्हतं आणि दोघींना सारखं रडू यायचं, त्यातून ओळख झाली. वैशालीच्या वेळी माझी आई गावाहून पोचायच्या आत सगळं कमलनं केलं होतं. मला टायफॉइड झाला तेव्हा माझी दोन्ही मुलं कमलच्याच खोलीत जेवली, तिच्याच कुशीत झोपली. तिची संगीता, आमची संगी, वैशालीच्या वयाची. दोघी महापालिकेच्या मराठी शाळेत एका बाकावर बसायच्या. कमल आणि मी आपसात अहिराणीतच बोलायचो. सगळ्यांना कळावं म्हणून मी इथे मराठीत लिहिते आहे, पण तिचा आवाज माझ्या कानात अजून अहिराणीत आहे.

तर आम्ही उधन्याला उतरलो, रिक्षा केली. चाळीच्या तोंडाशी कमल कडेवर दोन वर्षांचा मुलगा घेऊन उभी. हा राजू, आम्ही गेल्यावर झालेला. मला पाहिलं आणि तिनं तो मुलगा तसाच शेजारणीच्या हातात दिला.

"कितला दिनमा उनी व माय!" — किती दिवसांनी आलीस गं. एवढंच बोलली आणि माझ्या गळ्यात पडली. माझी पिशवी खाली पडली, त्यातले बिबडे, ज्वारीचे पापड, मोडले. ती माझा चेहरा दोन्ही हातांत धरून पाहत राहिली आणि मी — मी तिच्या खांद्यावरून मागे पाहत होते. मागे संगी उभी होती. उंच झाली होती. फ्रॉकचा पंजाबी ड्रेस झाला होता. ती हसली आणि म्हणाली, "मावशी, तू बारीक झालीस."

लहानपणापासून ती मला तू म्हणायची. आमच्याकडे मावशीला तूच म्हणतात.

त्या दिवशी काय काय झालं ते सांगायला मला आवडेल. वैशाली आणि संगी तासभर लाजल्या आणि मग अशा चिकटल्या की जेवायला चारदा हाक मारावी लागली. संगी मधेच गुजरातीत बोलायची आणि वैशाली तोंडाकडे बघत राहायची, कारण ती पार विसरली होती. मग संगी तिला एक एक शब्द परत शिकवायची. भावजींनी, म्हणजे कमलच्या नवऱ्यानं, ह्यांच्यासाठी खास वाफवलेल्या डाळीचा सुरती लोचो आणला होता. हे दोघं ओट्यावर बसून कुठला कारखाना बंद पडला, कोण कुठे लागला, ह्याचा हिशेब लावत होते. दुपारी आमरस केला होता, आणि सुरतच्या पद्धतीनं पुऱ्या. कमलनं मला उठूच दिलं नाही. "तू पाटावरून हललीस तर बघ."

आणि जेवतानाच ते झालं.

दोन शेजारणी बघायला आल्या होत्या, आमच्यानंतर राहायला आलेल्या. कमलनं माझ्याकडे बोट केलं. "हीच ती सुलू. मी सांगते ना नेहमी?"

मग तिनं सांगायला सुरुवात केली. तिनं हे किती वेळा सांगितलं असेल! शब्द अगदी गुळगुळीत झाले होते. "प्लेगच्या वेळी सगळी चाळ पळत होती. माझे हे गावाला. संगी तापानं फणफणलेली, दवाखाने सगळे बंद. मी गोळ्यांसाठी वणवण फिरतेय, आणि ही माझ्या पोरीजवळ बसून. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवतेय. हिचा नवरा, मुलं ट्रकमध्ये बसलेली, ट्रकवाला बोंब मारतोय, तरी ही उठेना. खूप वेळ थांबली. अगदीच नाइलाज झाला तेव्हा गेली. मी आले तेव्हा ट्रक निघून गेला होता, आमची भेटच झाली नाही. सख्खी बहीण करेल का एवढं?"

ह्यांनी ताटातून मान वर केली. माझ्याकडे पाहिलं. "भेट झाली नाही?" असं काहीतरी त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसलं. पुरीचा तुकडा हातात तसाच राहिला.

संगी वाढत होती. तिनं माझ्या वाटीत रस ओतला. माझ्याकडे पाहिलं नाही.

मी काय केलं असेल? मी म्हटलं, "त्यात काय एवढं." आणि जेवले.

आता ते सांगायलाच हवं. चौऱ्याण्णव साल. पूर येऊन गेला होता, गणपतीही झाले होते, गल्लीत चिखल सुकत होता. आणि एके सकाळी जो तो एकच शब्द बोलायला लागला — प्लेग. तुम्ही म्हणाल, घाबरणारच की माणूस. हो, सगळेच घाबरले होते. लोक तोंडाला रुमाल बांधून गाठोडी घेऊन स्टेशनकडे पळत होते. डॉक्टरांनी शटर ओढून घेतली होती. अमक्या गल्लीत चार गेले, तमक्या गल्लीत दहा गेले — खरं किती आणि खोटं किती, कुणाला ठाऊक! मी भ्याले ह्याचं मला वाईट वाटत नाही. मी पुढे काय केलं ते ऐका.

संगीला दोन दिवस ताप होता. थोडा खोकलाही. भावजी वडिलांच्या वर्षश्राद्धाला गावी गेलेले. सकाळी कमल माझ्या दारात आली, डोक्याला पदर गुंडाळलेला. "सुलू, कॅप्सुली कुठे मिळतात का बघून येते. संगीकडे लक्ष ठेवशील?"

मी म्हटलं, "जा तू. मी आहे ना."

मी आहे ना — हेच शब्द होते माझे.

ती गेली आणि थोड्याच वेळात हे धापा टाकत आले. त्यांच्या गावचा एक ट्रकवाला साड्यांच्या गाठी घेऊन धुळ्याला निघत होता. आपल्याला बसवतो म्हणाला, पण लगेच निघायचं. ह्यांनी दोन्ही मुलांना धरलं, एक पेटी डोक्यावर घेतली आणि म्हणाले, "मी ह्यांना बसवतो, ट्रक फाटकापाशी आहे. तू कमलवहिनीला आणि संगीला घेऊन ये. जागा आहे, मी बोललोय त्याच्याशी."

म्हणजे जागा होती. ट्रकवाल्यानं कुणाला नाही म्हटलं नव्हतं. माझ्या नवऱ्यानं त्या दोघींसाठी जागा मागून ठेवली होती.

मी कमलच्या खोलीत गेले. संगी गोधडीत पडली होती, डोळे लाल. मला म्हणाली, "मावशी, पाणी." मी तांब्या तिच्या हातापासून थोडा लांब ठेवला — हेही मी केलं, अंतर ठेवलं — आणि दाराशी उभी राहिले. गल्लीत कमल दिसत नव्हती. किती वेळ पाहिलं? फार नाही. एक म्हातारी आपली कोंबडी बगलेत मारून चालली होती, ती गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मी पाहिलं असेन. तेवढ्यात संगी खोकली.

आणि माझ्या मनात आलं, ही पोर त्या ट्रकमध्ये माझ्या वैशालीशेजारी बसणार. दोघी एकमेकींच्या गळ्यात गळा घालून बसणार, नेहमीसारख्या.

मी ठरवलं. गडबडीत झालं, कळलंच नाही, असं मी म्हणणार नाही. चांगलं कळत होतं. मी खाली वाकले, पदर नाकाशी धरून, आणि तिला म्हणाले, "संगी, मी जाते आता. आई आली की तिला सांग, मावशी खूप वेळ थांबली होती. सांगशील ना? खूप वेळ थांबली होती म्हणायचं."

आठ वर्षांची पोर. तिनं मान हलवली.

फाटकापाशी ह्यांनी विचारलं, "वहिनी कुठे?" मी म्हटलं, "नाही येत म्हणाल्या. भावजींची वाट बघते म्हणाल्या." ह्यांनी एकदा मागे पाहिलं, चुकचुकले, आणि मला हात देऊन वर ओढलं. सोनगढच्या पुढे वैशाली विचारायला लागली, संगी का नाही आली. तिलाही तेच सांगितलं.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते सांगत नाही, तुम्हाला माझी दया येईल आणि ती मला नको आहे. महिन्यानं बाजारात कमलच्या नात्यातला एक माणूस भेटला. म्हणाला, संगीला मलेरिया होता, बरी झाली, आणि कमलताई तुमचे गुण गाते, तुम्ही पोरीजवळ खूप वेळ थांबलात म्हणून. मी तिथे, कांद्याच्या ढिगाजवळ, त्या माणसासमोर रडले. त्याला वाटलं आनंदानं. आनंदच होता तो. पोर वाचली ह्याचा — आणि तिनं मी शिकवलं तसंच सांगितलं, ह्याचाही.

आता पुन्हा त्या मे महिन्यात या. जेवणं झाली, पुरुष ओट्यावर लवंडले, कमल राजूला थोपटता थोपटता स्वतःच झोपली. मी गच्चीवर गेले. तिथे पत्र्याच्या सावलीत संगी साडीला टिकल्या चिकटवत बसली होती. चाळीतल्या सगळ्याच बायका-पोरी घरबसल्या हे काम करतात. मीही एक काठ पुढ्यात ओढला. पूर्वी माझा हात चांगला चालायचा. आम्ही टिकल्या लावत राहिलो. छान वारा येत होता. मला वाटलं, लहान होती, विसरली असेल.

मान खाली ठेवूनच ती म्हणाली, "मावशी, मी आईला तू सांगितलंस तसंच सांगितलं होतं."

माझ्या बोटाला गोंद लागला होता, तो मी पुसत राहिले.

"पट्ट्यांचं मी माझ्या मनानं घातलं," ती म्हणाली. "आई आली ना, तेव्हा तिला गोळ्या मिळाल्या नव्हत्या. ती भिंतीला टेकून रडायला लागली. सगळे गेले, आपलं कुणीच नाही, म्हणत होती. मग मी सांगितलं, मावशीनं पट्ट्या ठेवल्या. तिला बरं वाटावं म्हणून."

काय वाटलं असेल मला? तापात पडलेली ती पोर. आईचं रडू थांबावं म्हणून तिनं माझ्या खोट्यात स्वतःच्या पदरची माया घातली होती. मी केली नव्हती ती माया. तिनं मला तिच्या आईसाठी चांगली करून ठेवलं होतं.

मी तिचा हात धरायला हवा होता. चुकलं गं माझं, म्हणायला हवं होतं. खाली जाऊन कमलला उठवायला हवं होतं. तेव्हा कुठला प्लेग होता? कुठला ट्रक उभा होता? पोट भरलेलं होतं, खाली माझी मैत्रीण घोरत होती, माझी मुलं सुखरूप होती.

संगीनं विचारलं, "आता आईला खरं सांगू का? ती सगळ्यांना सांगते ना, तेव्हा मला कसंतरी होतं."

तिनं परवानगी मागितली. माझी. मला काय फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हटलं, "कशाला गं आता? झालं ते झालं. आईला उगीच वाईट वाटेल." आणि वर तिच्या गालावरून हात फिरवला. "शहाणी गं माझी बाय."

ती माझ्याकडे पाहत राहिली. रागानं नाही. एखाद्या गणिताचं उत्तर चुकलेलं कळावं तसं. मग म्हणाली, "बरं," आणि पुढची टिकली उचलली.

पहिल्या वेळी मी भीतीनं वागले. दुसऱ्या वेळी कशानं वागले? कमलच्या डोळ्यांत माझी जी जागा होती ती मला सोडवेना. दुसरं काही कारण नव्हतं. माझ्या मते हा दुसरा गुन्हाच मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगी चहाचे कप घेऊन आली. माझ्यापुढे धरून म्हणाली, "तुम्ही साखर कमी घेता ना मावशी?"

कमल हसली. "अगं बया! मावशीला कधीपासून अहोजाहो?"

"मोठ्या आहेत ना त्या," संगी म्हणाली आणि आत गेली.

कमलला वाटलं, पोर मोठी झाली, रीत कळायला लागली. तिला त्याचं कौतुक वाटलं.

निघताना कमलनं माझी ओटी भरली, माझ्या डोक्याला तेल लावून वेणी घालून दिली, लग्न होऊन नुकत्या आलो होतो तेव्हा आम्ही एकमेकींची घालायचो तशी. मुलींनी एकमेकींना रुमाल दिले. भावजी स्टेशनपर्यंत आले. परतीच्या गाडीत मुलं झोपली तेव्हा हे म्हणाले, "तू तर म्हणाली होतीस, वहिनी नाही येत म्हणाल्या."

मी म्हटलं, "गडबडीत काय बोलले असेन, आठवत नाही."

हे खिडकीबाहेर बघत राहिले, येतानाही बघत होते, पण आता कुठलं स्टेशन येणार हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. त्यांनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही. मरेपर्यंत नाही. फक्त नंतर कमलकडे काही द्यायचं-घ्यायचं असलं की ते एकटे जाऊन यायचे. मला चल म्हणायचे नाहीत.

संगीचं लग्न झालं, बारडोलीला असते. लग्नात कमलनं मला मांडवात स्वतःशेजारी बसवलं आणि वरमाईला माझी ओळख करून दिली — तीच, पट्ट्यांसकट. संगी नमस्काराला वाकली. मी आशीर्वाद दिला. तुम्ही जेवल्याशिवाय जाऊ नका, म्हणाली.

कमल आता भेस्तानला राजूकडे असते. ऐकू कमी येतं तिला, म्हणून फोनवर ओरडून बोलते. दिवाळीला, राखीला, मधेच कधीही. ये म्हणते, खोली मोठी आहे, दोघी जमिनीवर गाद्या घालून झोपू. मी येते म्हणते. तिला मी काहीही सांगितलेलं नाही, आणि सांगणार आहे असंही तुमच्यापुढे म्हणत नाही. इतकी वर्षं स्वतःला ओळखते.

एक राहिलं. वर लिहिताना मी ते टाळून पुढे गेले.

त्या दिवशी संगीला ते वाक्य शिकवून मी बाहेर आले, तेव्हा दार नुसतं ओढून घेतलं नाही. ती उठून माझ्यामागे फाटकापर्यंत येईल आणि हे तिला उचलून ट्रकमध्ये घेतील, ह्याची मला भीती वाटली. मी बाहेरून कडी घातली. आतून तिनं मावशी म्हणून हाक मारली, एकदाच, मोठ्यानं नाही. मला ती नीट ऐकू आली. मी चालू लागले.